गाडीला क्लिअर कोट, आणि आपल्याला?

शनिवार सकाळ. आठवडाभर तळवड्यात कोड पाडून झालाय, निगडीच्या घराच्या गॅलरीत चहाचा दुसरा कप समोर आहे, आणि या आठवड्याला काय लिहावं हा नेहमीचा प्रश्न. गेले दोन शनिवार मी डेटाबेसवर लिहिलं, ते आमच्या घरच्यांनीसुद्धा वाचलं नाही. तेव्हा आज एकदम विषयांतर: चेहऱ्याला काय लावावं आणि काय लावू नये.

हसा, हसा. दाढी झाल्यावर तुरटीचा खडा फिरवणं यापलीकडे ज्याची मजल कधी गेली नाही, त्याने स्किनकेअरवर लिहिणं म्हणजे ब्रह्मचाऱ्याने संसारावर प्रवचन देण्यासारखंच आहे. पण गेल्या वर्षी आमच्या घरात एक प्रकरण घडलं आणि त्यानंतर मी या विषयाचा इंजिनिअरला शोभेल असा (म्हणजे गरजेपेक्षा जास्त) अभ्यास केला. त्यातून माझं एक ठाम मत झालंय. ते आधीच सांगून टाकतो: आपण त्वचेकडे रंग म्हणून बघतो आणि ती एक चालती यंत्रणा आहे हे विसरतो. रंगाच्या मागे लागलं की यंत्रणा बिघडते. आणि यंत्रणा नीट ठेवायला जे लागतं ते तसं स्वस्तच आहे, फक्त इतकं कंटाळवाणं आहे की नेमाने करणारा माणूस विरळा.

तर ते प्रकरण.

माझा धाकटा मावसभाऊ चाकणला एका मोटार कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये इंजिनिअर आहे. वय २७. आपण त्याला बंधुराज म्हणू. रंगाने सावळा, आमच्या आजोळचे सगळेच सावळे. लग्नाचं बघायला लागल्यावर मावशीने बायोडेटात 'वर्ण: निमगोरा' असं लिहिलं. (हा निमगोरा रंग जगात फक्त मराठी बायोडेटात सापडतो. कुठल्याही शेड कार्डावर तो नाही, बंधुराजांनीच तपासलंय!) दोन ठिकाणहून नकार आले. कारण कुणीच सांगितलं नाही, पण त्याने स्वतःपुरतं ठरवून टाकलं. मग कुणीतरी कॅन्टीनमध्ये एका ट्यूबचं नाव सांगितलं, मेडिकलवाल्याने चिठ्ठी न विचारता दिली, आणि साहेबांनी रोज रात्री चेहऱ्याला लावायला सुरुवात केली.

तीन आठवड्यांत फरक पडला. खरोखर पडला. चेहरा उजळ, डाग गायब, मावशी खूश. लग्न ठरलं, मे महिन्याची तारीख निघाली. आता काम झालं म्हणून त्याने ट्यूब बंद केली, तर चार दिवसांत चेहरा लालबुंद, आग आग, वर बारीक पुटकुळ्या. परत लावली की शांत. परत थांबवली की आग. असं पाच-सहा महिने चाललं. फेब्रुवारीत एका रात्री त्याचा फोन आला.

"दादा, जरा येऊ का तुझ्याकडे? आईला सांगू नकोस."

तोंडाला रुमाल बांधून आला होता. रुमाल सोडला तेव्हा आमच्या आईने काही न बोलता पंखा मोठा केला. गालांवर लाल बारीक रेषांचं जाळं दिसत होतं. उन्हात उभं राहवत नव्हतं त्याला, आणि मे महिन्यात लग्न.

दुसऱ्या दिवशी मीच त्याला त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन गेलो. डॉक्टर मॅडमनी चेहरा बघायच्या आधी ट्यूब मागितली, मागचा बारीक मजकूर वाचला आणि म्हणाल्या, "हे क्रीम नाहीये, औषध आहे. तीन औषधं आहेत यात."

ही तीन औषधं म्हणजे हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. पहिलं त्वचेत रंग तयार होण्याची क्रिया अडवतं, दुसरं पेशी भराभर बदलायला लावतं, आणि तिसरं आहे स्टिरॉइड. या प्रकारचं मिश्रण १९७५ मध्ये अमेरिकेत अल्बर्ट क्लिगमन आणि त्याच्या सहकाऱ्याने मांडलं (त्यात स्टिरॉइड दुसरं होतं). उपयोग चांगला आहे. वांग आलेल्या रुग्णाला डॉक्टर ते मोजके आठवडे देतात, लक्ष ठेवतात, बंद करतात. पण तेच रोजचं फेस क्रीम म्हणून महिनोन्‌महिने लावलं तर स्टिरॉइड आपला रंग दाखवतं. आधी रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून चेहरा उजळ दिसतो. मग त्वचा पातळ होत जाते, खालच्या वाहिन्या दिसायला लागतात, पुटकुळ्या येतात, कधी लव वाढते. आणि त्वचेला त्याची सवय लागते. थांबवलं की दबलेली सगळी आग एकदम वर. आपल्याकडे कोड चालत नाही म्हणून एरर मेसेजच बंद करून टाकणारे महाभाग असतात ना, तसंच. स्क्रीन स्वच्छ, आत बोंबाबोंब.

आता गंमत बघा. भारतात 'फेअर अँड लव्हली' बाजारात आली तीही १९७५ मध्येच. २०२० मध्ये तिचं नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' झालं. नाव बदललं, पण ज्या इच्छेवर हा सगळा बाजार उभा आहे ती कुठे बदलली? बंधुराजांनी ट्यूब घेतली ती त्याच इच्छेपोटी.

आणि तो एकटा नाही. २०११ साली भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी एक पाहणी प्रसिद्ध केली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे जवळजवळ १५ टक्के, चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. त्यातल्या दहापैकी सहा जणांना ते डॉक्टर नसलेल्या कुणीतरी सुचवलं होतं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक क्रीम्स 'शेड्यूल एच'मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री नाही. कागदावर. आमची ट्यूब त्यानंतर बऱ्याच वर्षांनी घेतलेली आहे.

ओळखायचं कसं? दोन खुणा सांगतो. ट्यूबच्या किंवा खोक्याच्या लेबलवर लाल उभी रेघ असेल तर ते चिठ्ठीचं औषध आहे. आणि घटकांमध्ये शेवटी 'सोन' किंवा 'सोल' असलेलं नाव दिसलं, म्हणजे बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, तर बाकी काही न वाचता आधी डॉक्टरला विचारा. आधीपासून लावत असाल तर मनाने एकदम बंदही करू नका, तेही विचारूनच करा. (नायट्याच्या क्रीमसारख्या काही बुरशीविरोधी औषधांची नावंही 'सोल'ने संपतात. पण विचारून घ्यायला काय जातंय?)

दुसरा धोका याहून वाईट, कारण तिथे वाचायला लेबलच नसतं. २०२३ मध्ये अकोल्याची बातमी आली होती, आठवते का? बायोटेक्नॉलॉजी शिकणारी एक मुलगी, तिची आई आणि बहीण, तिघींच्याही किडन्यांना त्रास झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा तार जुळली ती तिघी लावत असलेल्या गोरं करणाऱ्या क्रीमशी. त्यात पारा निघाला. त्याच वर्षी केरळातल्या डॉक्टरांनीही मलप्पुरम भागातून असेच रुग्ण नोंदवले. पारा रंग तयार होणं थांबवतो हे खरं, पण तो त्वचेतून आत जातो आणि किडनीत जाऊन बसतो. आपल्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार साध्या क्रीममध्ये चुकून आलेला पारासुद्धा दहा लाखांत एक भाग, याहून जास्त चालत नाही. पण पार्लरमधून किंवा ऑनलाइन आलेल्या बिननावाच्या डबीला हे नियम कोण वाचून दाखवणार?

असो. भीती पुरे झाली. आता त्या दवाखान्यात पुढे काय झालं ते सांगतो, कारण खरा धडा तिथे आहे.

मॅडमनी दिव्याखाली चेहरा बघितला आणि विचारलं, "तुम्ही रोज गाडी चालवता का? उजवा गाल डाव्यापेक्षा काळवंडलाय."

"नाही मॅडम, कंपनीच्या बसने जातो. पण सीट कायम उजवीकडच्या खिडकीचीच."

घरी आल्यावर मी नकाशा उघडून बसलो. नाशिक फाट्यावरून भोसरी, मोशी, चिंबळी, कुरुळी करत चाकणला जाणारा रस्ता साधारण उत्तरेकडे जातो. सकाळी उत्तरेकडे जाताना पूर्वेचा सूर्य कुठे? उजवीकडे. संध्याकाळी दक्षिणेकडे परत येताना पश्चिमेचा सूर्य कुठे? परत उजवीकडे! म्हणजे उजव्या खिडकीला बसणारा (आणि आपल्या देशात स्टिअरिंगवर बसणारासुद्धा) जाता-येता एकाच बाजूने भाजून निघतो. तवा एक आणि पोळी न उलटता दोनदा. चाकणला जाणाऱ्यांनी उद्यापासून डावीकडे बसा, फुकटचा सल्ला आहे. :-)

काचेतून काय होतंय, असं वाटेल. सूर्याच्या अतिनील किरणांत दोन प्रकार आपल्या कामाचे. यूव्हीबी त्वचा भाजतं, दुपारी जोरात असतं आणि काचेत बरंचसं अडतं. यूव्हीए खोल जातं, सुरकुत्या आणि डाग पाडतं, सकाळ-संध्याकाळही बऱ्यापैकी असतं, आणि बाजूच्या साध्या काचेतून बरंचसं आत येतं. समोरची काच दोन थरांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पडदा घालून केलेली असते, ती मात्र जवळजवळ सगळं अडवते. २०१२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका अमेरिकन ट्रक ड्रायव्हरचा फोटो छापून आला होता. ६९ वर्षांचा माणूस, २८ वर्षं ट्रक चालवलेला. तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो. चेहऱ्याची उजवी बाजू वयाला शोभेल अशी, आणि डावी बाजू जणू त्याच्या वडिलांची. जमलं तर शोधून बघा, दहा जाहिरातींपेक्षा परिणामकारक आहे.

हे सगळं मी बंधुराजांना सांगत होतो. तो ऐकत होता, मग हळूच म्हणाला, "दादा, हे तर आम्ही गाडीला रोज करतो."

"काय?"

"क्लिअर कोट."

मग त्याने मला पेंट शॉप समजावलं. आधी बॉडी धुऊन फॉस्फेटचा थर, मग विजेच्या साहाय्याने बसवलेला गंजरोधक थर, मग प्रायमर, मग बेस कोट म्हणजे खरा रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे थर मिळून जाडी एक दशांश मिलिमीटरच्या आसपास. आपल्या त्वचेचा वरचा पापुद्रासुद्धा साधारण तेवढाच जाड असतो! आणि त्या क्लिअर कोटमध्ये अतिनील किरण शोषणारी रसायनं मिसळलेली असतात, नाहीतर चाकणच्या यार्डात उभी राहूनच लाल गाडी गुलाबी व्हायची. म्हणजे हा पठ्ठ्या रोज शेकडो गाड्यांना सनस्क्रीन लावून घरी येतो आणि स्वतःच्या चेहऱ्याचा बेस कोट बदलायला बघतो. आम्ही दोघंही हसलो. कितीतरी दिवसांनी हसला तो.

एका बाबतीत मात्र आपण गाडीपेक्षा भाग्यवान. गाडीचा ओरखडा तसाच राहतो. आपली त्वचा साधारण महिनाभरात वरचा थर स्वतःहून नवा करते. आपण फक्त तिच्या आड यायचं नाही. मॅडमनी त्याला दिलेली रोजची यादी तीन ओळींची होती, आणि मला वाटतं आपल्यापैकी बहुतेकांना तीच पुरते.

एक, सौम्य धुणं. अंगाचा साधा साबण अल्कधर्मी असतो आणि त्वचा किंचित आम्लधर्मी. चेहरा दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉशने धुतला की पुरे, घासून कुणाचं भलं झालेलं नाही. त्यात आपल्याकडे पाण्याची कथा. २०१९ च्या नोव्हेंबरात पिंपरी-चिंचवडला दिवसाआड पाणी सुरू झालं, आणि पाणी कमी पडलं की सोसायट्या टँकर आणि बोअरकडे वळतात. बोअरचं जड पाणी साबणाबरोबर साका धरतं, तोच अंगावर राहतो आणि कातडी ओढल्यासारखी वाटते. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्या मित्रांनो, हातावरचं ऑइल काढायला रॉकेल आणि कपड्याची पावडर वापरणं बंद करा. हाताला भेगा पडतात त्या ऑइलइतक्याच या धुण्यानेही पडतात.

दोन, ओलावा. आंघोळीनंतर अंग किंचित ओलं असतानाच मॉइश्चरायझर. महागडं लागत नाही. अंगाला आजीचं खोबरेलही उत्तम, कोरड्या त्वचेवर त्याचा उपयोग होतो हे चाचण्यांतही दिसलंय. चेहऱ्याला मात्र ते सगळ्यांना मानवत नाही, पुटकुळ्यांची सवय असेल तर नकोच. आणि चेहऱ्यावर लिंबू चोळायचा घरगुती उपाय कृपा करून विसरा. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर कातडी भाजून डाग पडू शकतात.

तीन, ऊन टाळणं. याला पर्याय नाही. ऑस्ट्रेलियात नॅम्बोर गावी ९०३ प्रौढांवर साडेचार वर्षं प्रयोग झाला, २०१३ मध्ये निष्कर्ष आले. रोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटाची त्वचा, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी वयस्कर झाली. ते लोक बहुतांश गोरे होते हे खरं. आपल्या सावळ्या त्वचेत मुळातच थोडा क्लिअर कोट असतो, त्यामुळे सुरकुत्या उशिरा येतात. पण वांग आणि काळे डाग आपल्यालाच जास्त. आणि पुण्याच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्यावर सूर्य अक्षरशः डोक्यावर येतो, उन्हाळ्यातल्या दुपारी यूव्ही इंडेक्स ११ च्या वर जातो. जागतिक आरोग्य संघटना ३ पासूनच काळजी घ्या म्हणते.

हिशोब करायचा तर असा. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी अडवतो आणि ५० सुमारे ९८, त्यामुळे आकड्याच्या मागे धावू नका, फक्त पाकिटावर यूव्हीएसाठीचं 'पीए+++' बघा. प्रमाण मात्र पूर्ण हवं. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही बोटांच्या लांबीइतकं चेहरा आणि मानेला. म्हणजे रोज सव्वा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब सव्वा महिन्यात संपायला हवी. तुमची वर्षभर पुरत असेल तर तुम्ही सनस्क्रीन लावत नाही, सनस्क्रीनची पूजा करता. उन्हात काम असेल तर दर दोन तासांनी परत.

आणि सगळ्यात स्वस्त सनस्क्रीन? कापड! आपल्या स्कूटीवरच्या मुली डोळे तेवढे उघडे ठेवून स्कार्फ गुंडाळतात, हातात लांब मोजे घालतात, त्यावर आपण कॉलेजात असताना काय काय विनोद केले. दरोडेखोर काय, अतिरेकी काय. आज जाहीर माफी मागतो. विज्ञान त्यांच्या बाजूने होतं. घट्ट विणीचं कापड घामाने वाहून जात नाही आणि दोन तासांनी परत लावावं लागत नाही. हेल्मेटची पॉलिकार्बोनेटची काचही अतिनील किरण चांगलीच अडवते. म्हणजे डोकं वाचतं ते वाचतं, वर नाकही तरुण राहतं.

एवढं झालं की बाकी सगळं पर्यायी. आमच्या टीममध्ये एक मैत्रीण रीळ बघून बघून सात बाटल्यांपर्यंत पोचली होती. सकाळी एक आम्ल, रात्री दुसरं, मध्ये कसलंसं सीरम. चेहरा सोलवटून निघाला तेव्हा विचारते, "कशामुळे झालं असेल रे?" अगं, एकाच रिलीजमध्ये सात बदल टाकल्यावर बग कुठला ते कसं कळणार! नवीन काही लावायचंच असेल तर एका वेळी एक, आणि महिनाभर थांबून बघा. आणि टपरीवरचा सुट्टा ओढत ओढत अँटी-एजिंग सीरमच्या चर्चा करणाऱ्यांना मी काय सांगू? धूरच सुरकुत्या पाडतो, बाबांनो.

बंधुराजांचं लग्न ठरल्या तारखेला झालं. तोवर चेहरा पुरता निवळला नव्हता, फोटोत गाल लालसर दिसतात. लग्नाच्या महिनाभर आधी त्याने होणाऱ्या बायकोला सगळं खरं सांगितलं होतं. ती म्हणाली, "पण मी तर तुमचा आधीचाच फोटो बघून हो म्हटलं होतं." ट्यूबच्या आधीचा, सावळा! मावशीने बायोडेटाबरोबर जुनाच फोटो पाठवला होता.

दर वर्षी देहूहून तुकोबांची पालखी आमच्या शेजारी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते. आम्ही सगळे निगडीच्या रस्त्यावर उभे राहून हात जोडतो. सावळ्या देवासाठी ही गर्दी, आणि घरी येऊन पोरांच्या बायोडेटात 'निमगोरा'. एवढी एक ओळ आपण खोडली तरी मेडिकलवाल्याच्या काउंटरवरच्या निम्म्या ट्यूब पडून राहतील, असं माझं मत आहे. बाकी उरलं ते दोन बोटं सनस्क्रीन.

चला, चहा गार झाला. पुढच्या शनिवारी परत डेटाबेस. :-)

ता.क. बंधुराज आता बसमध्ये डावीकडे बसतो. म्हणतो, त्या बाजूला गर्दीही कमी असते. सगळी जनता उजवीकडे खिडकी धरून भाजत बसलेली.